यंत्रातील यंत्र



एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदतात, ही कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या अभियंत्यांची ‘सीपी-४०’ प्रणाली कार्यान्वित झाली. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकास आपणांस स्वतंत्र संगणक लाभल्याचा प्रत्यय येई.

‘आभासी’ हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. अशा यंत्रातील साध्या आज्ञा बहुधा खऱ्या प्रोसेसरवरच थेट चालतात. एखादी आज्ञा मूळ व्यवस्थेस हात घालू लागली, की प्रोसेसर तिला अडवितो आणि नियंत्रक प्रणाली ते काम आपल्या रीतीने उरकते. आतल्या प्रणालीस त्याची गंधवार्ताही नसते. चालते आभासी यंत्र दुसऱ्या संगणकावरही हलविता येते.

म्हणून ते जडापासून मुक्त झाले असे नव्हे. आज एकाच यंत्रावर अनेक संस्थांची माहिती शेजारी-शेजारी असते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा दोष उघड झाला. वेळ वाचविण्यासाठी प्रोसेसर पुढील आज्ञा अंदाजाने आधीच करून पाहतो. अंदाज चुकला तरी खुणा मागे उरतात. वाचनास लागणारा काळ मोजून, आभासी यंत्राच्या आतून बाहेरील स्मृती वाचता येते, हे संशोधकांनी दाखविले. सॉफ्टवेअरच्या भिंती शाबूत होत्या; भेग खालच्या सिलिकॉनमध्ये होती.