शाळेच्या पटावरचे पणजोबा



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण झाले ते कामगारवस्तीतल्या एका वाचनालयात आणि गिरण्यांच्या दारावरच्या सभांत. तेव्हा इतिहास कसा लिहावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझ्याच घरातल्या एका माणसाचा माग काढताना मला काय सापडले आणि ते पचवणे किती जड गेले, एवढेच आज सांगणार आहे.

मुळात मला या कामाची गोडी लागली ती दुसऱ्यांच्या कागदांमुळे. गिरण्या बंद झाल्यावर गिरणी कामगारांच्या घरांची योजना निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो पात्र. हे शाबीत करायचे तर कागद हवा : हजेरीचे तिकीट, पगाराची पावती, कामगार विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. म्हाताऱ्या बाया नवऱ्याचे कागद पिशवीत घालून आमच्या कचेरीत येत. एका कागदावर आडनाव आहे, तर दुसऱ्यावर गावाचेच नाव आडनाव म्हणून लिहिलेले. तीस वर्षे साचेखात्यात राबलेला माणूस, पण कारकुनाने त्याच्या नावात एक अक्षर फिरवले आणि तो दोन माणसे झाला. अशी नावे जुळवता जुळवता एके दिवशी मनात आले, आपल्या स्वतःच्या घराचे कागद कुठे आहेत?

आमच्या घरी कागद नव्हते, पण एक गोष्ट होती. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, गोळीबार सोसला, हे आपण सारे जाणताच. त्या संपात माझे पणजोबा होते, असे आजोबा सांगत. वडिलांनी ते मला सांगितले, आणि मी ते हजारो कामगारांना सांगितले. पंचवीस वर्षे माझ्या भाषणाचा शेवट त्याच वाक्याने होत असे, आणि त्या वाक्याला टाळी हमखास पडे. आता त्या गोष्टीला कागदाचा आधार मिळवावा, एवढाच माझा हेतू होता.

मुंबईच्या पुराभिलेखागारात संपाचे सरकारी कागद आहेत असे कळले, म्हणून आधी तिकडे गेलो. पण सरकारी कागदांत साध्या संपकऱ्याचे नाव शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. पकडलेल्याचे नाव लिहितात, शिक्षा झालेल्याचे लिहितात. जो नुसता घरी बसला आणि सहा दिवस उपाशी राहिला, त्याचे नाव कोण लिहिणार? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. लोखंडे आपल्याला ठाऊक आहेत. ते साडेपाच हजार कोण, हे त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाही.

मग मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. तहसील कचेरीत जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते, तिला गाव नमुना चौदा म्हणतात. तिच्यातला बराच मजकूर मोडीत. त्या कचेरीतून हात हलवीत परत आलो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मोडी शिकायला बसलो. बाराखडी गिरवताना नातवाने मला हसून घेतले. वर्षभरानंतर पुन्हा गेलो. तेव्हा नावे लागू लागली, पण भलतीच अडचण आली. एकाच वाडीत पणजोबांच्या नावाचे चार इसम! आडनाव नाहीच, अमुक बिन तमुक एवढेच. 'बिन' म्हणजे मुलगा. तेव्हा बाप कोण हे ठाऊक असल्याशिवाय मुलगा ओळखू येत नाही. बापाचे नाव मला आत्याने सांगितले, तेही पितृपंधरवड्यात घेतले जाते म्हणून तिच्या तोंडी टिकलेले.

एवढी तयारी झाल्यावर गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून पुठ्ठा सुटलेले जनरल रजिस्टर काढले. त्यात पणजोबा सापडले. बापाचे नाव जुळले, वाडी जुळली. शाळेत दाखल १९०६. शाळा सोडली १९११. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने घातली असेल असे धरले, तरी शाळा सोडताना वय बारा-तेराच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्या जुलैत मुंबईच्या गिरण्या थांबल्या, त्या जुलैत माझे पणजोबा नऊ-दहा वर्षांचे होते आणि कोकणातल्या शाळेत पाढे म्हणत होते.

खरे सांगतो, मी रजिस्टर मिटले आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. मुंबईला परतल्यावर एका जुन्या सहकाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "राहू दे रे, कोण तपासायला येतंय? गोष्ट चांगली आहे." मलाही क्षणभर तसेच वाटले. पण मग आठवले, आयुष्यभर मी मालकापुढे बसून काय म्हणत आलो? 'तोंडी सांगू नका, पट दाखवा.' जो दुसऱ्याला पट मागतो, त्याने आपला पट लपवावा काय? पुढच्याच सभेत मी ते वाक्य मागे घेतले. त्या दिवशी टाळी पडली नाही.

पण भगिनींनो आणि बंधूंनो, त्या रजिस्टरात आणखी एक रकाना होता, तो मी घाईत नीट वाचला नव्हता. दुसऱ्या खेपेला एकेक अक्षर लावून वाचला. शाळा सोडण्याचे कारण : 'मुंबईस गेला'. मुंबईस कशाला, हे घरात सर्वांना ठाऊक होते : गिरणीत. १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांच्या पोराला कारखान्यात घ्यायला मोकळीक होती. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीत पोराला सहा तास आणि मोठ्या पुरुषाला बारा तास, अशी मर्यादा घातली. त्याला त्या काळी सुधारणा म्हणत! पाटी खाली ठेवून बॉबिनी उचलायला गेलेले ते तेरा वर्षांचे पोर आमच्या घरात शंभर वर्षे कुणालाच दिसले नाही. आम्हाला वीर हवा होता, म्हणून आम्ही पोर झाकून टाकले.

मग संपाची ती गोष्ट खोटी का? त्याच नोंदीत पालक म्हणून बापाचे नाही, चुलत्याचे नाव आहे. याचा अर्थ बाप तेव्हा परगावी असावा, बहुधा मुंबईलाच. संपात असलाच तर तो असेल, आणि बापाची गोष्ट पुढे मुलाच्या नावावर चढली असेल. पण हा तर्क आहे. तर्क म्हणूनच मी तो सांगतो.

या सगळ्या कागदांत पुरुषांची नावे सापडली, बायकांची नाहीत. पणजीची नोंद नवऱ्याच्या नावाने, 'अमक्याची विधवा' अशी. तिचे स्वतःचे नाव शेवटी सापडले ते माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्यावर, ठिपके ठोकून घातलेले. तिने स्वकमाईतून घेतलेला हंडा. सरकारने जिचे नाव लिहिले नाही, तिचे भांडेवाल्याने लिहिले.

आपल्यापैकी ज्यांना आपल्या घराचा शोध घ्यायचा असेल, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. आधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा. कागद थांबतील, ती थांबणार नाही. भांड्यांवरची नावे वाचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत आपले कुणी यात्रेला गेले असेल तर नाव असेल. शक लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. एका कागदावर विसंबू नका. दोन जुळले तर माना. आणि जे निघेल ते आपल्या सोयीचे नसले, तरी लिहून ठेवा.

अजूनही मी सभांत पणजोबांविषयी बोलतो. संपाचे सांगत नाही. मोडीतल्या त्या दोन शब्दांचे सांगतो, आणि समोर बसलेल्यांना विचारतो, तुमच्या वस्तीतले कोणते पोर यंदा शाळेच्या पटावरून गेले आणि कुठे गेले?