तंबोऱ्याची घोडी आणि अहिंसेचा सूर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जिनालयात भावपूजेच्या वेळी प्रथम तंबोऱ्याचा षड्ज घुमतो, मग स्तवनाचे शब्द येतात. परंतु त्या चार तारा ज्यावर विसावतात तो तुकडा कशाचा आहे, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. तबलीवर बसविलेल्या या तुकड्यास घोडी म्हणतात. पूर्वी तिचा वरचा भाग हस्तिदंताचा किंवा सांबरशिंगाचा करीत. पुढे उंटाचे हाड वापरात आले.

श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याची गणना आहे. कलिकालसर्वज्ञ श्री हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त दातांबरोबर नखे, अस्थी आणि चर्म यांचाही त्यात समावेश केला आहे. देशाचा कायदा पुष्कळ उशिरा आला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. सांबराची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात हे खरे. पण घडविलेल्या तुकड्याकडे पाहून ते शिंग गळालेले की प्राणी मारून घेतलेले, हे कोण सांगणार?

एका भजन मंडळापुढे हा प्रश्न असाच उभा राहिला. तारांनी जुन्या घोडीवर खाचा पाडल्या होत्या, आवाज पार बसला होता. कारागिराने हाडाची नवी घोडी दाखविली. एक वयोवृद्ध श्राविका म्हणाल्या, “भगवंतासमोर हे ठेवून स्तवन कसे म्हणायचे?” मंडळातील गायकांनी विचारले, “काकू, लाकडावर तो झंकार आला नाही तर?” दोन्ही बाजूंना भक्तीचीच काळजी होती. अखेर एका निवृत्त शिक्षकांनी शिसवाची घोडी स्वहस्ते करण्याचे मनावर घेतले.

त्यांनी जुन्या घोडीच्या उंचीचा आणि उताराचा छाप कागदावर घेतला आणि चांगले वाळलेले शिसव तासले. घोडी तबलीच्या गोलाईवर पक्की टेकावी म्हणून तबलीवर काचकागद खरखरीत बाजू वर करून ठेवला आणि त्यावर घोडीचे पाय हळूहळू घासले. वरचा पृष्ठभाग मात्र त्यांनी अगदी सपाट केला आणि तेथेच चूक झाली. तार करकरू लागली. दुसऱ्या घोडीचा उतार जास्त झाला, तेव्हा आवाज मुका पडला.

मग त्यांनी एका मिरजकर कारागिरास विचारले. तंबोऱ्यासाठी मिरजेची कीर्ती जुनी. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने मर्म सांगितले. पृष्ठभागाला अतिशय सौम्य गोलाई हवी. कंप पावणारी तार एकाच बिंदूवर न टेकता त्या गोलाईला हलका स्पर्श करीत राहते. त्यातून उपस्वर खुलतात. हीच जवारी. दोन-चार वेळा कानस फिरवावी, तार चढवून ऐकावे, पुन्हा उतरवावी. शेवटी तारेखाली दोरा घालून तो मागेपुढे सरकवावा. शिक्षकांनी दोराही रेशमाचा न घेता सुती घेतला.

तिसरी घोडी बोलली. झंकार हाडाच्या घोडीहून थोडा मृदू होता, पण षड्ज भरून येत होता. लाकूड लवकर झिजते, त्यामुळे जवारी वारंवार काढावी लागते. तेवढे कष्ट त्यांनी आनंदाने पत्करले. वाद्यावर पूर्वीच चढलेले चपड्याचे पॉलिश लाखेचे, म्हणजे जीवहिंसेतूनच आलेले, हे कोणी लक्षात आणून दिले. तेव्हा त्या श्राविका म्हणाल्या, “मागचे आपल्या हाती नाही. यापुढे जे आपण करू, ते तरी निर्दोष करू या.”

बंधु-भगिनींनो, यतना म्हणजे याहून वेगळे काय? जिनालयातील प्रत्येक उपकरणाकडे या दृष्टीने पाहिले, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!