पाऊस, पिंप आणि डास
(पालक मेळाव्यातील भाषण)



पाऊस जास्त तेथे डास जास्त, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. आपल्या सातारा-सांगली जिल्ह्यांकडेच पाहा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या तालुक्यांच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. म्हणून तेथील लोक डेंग्यू-चिकुनगुन्यापासून सुरक्षित आहेत असे मात्र नाही. नळाला रोज पाणी येत नसले की घरोघर पिंपे आणि रांजण भरून ठेवावे लागतात, आणि एडिस जातीच्या डासाला नेमके हेच साठवलेले स्वच्छ पाणी हवे असते. १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला. बार्शी काही अतिवृष्टीचे गाव नव्हे.

हवामानाचा परिणाम होतो, तो असा. उबदार हवेत अंड्यापासून डास आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याच्या शरीरात रोगाचे विषाणूही लवकर वाढतात. पावसाची गोष्ट निराळी. पुण्यातील डेंग्यूचा अभ्यास करून तेथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले, की आठवड्याला १५० मिलिमीटरपर्यंतचा बेताचा पाऊस रोगाला पोषक ठरतो. त्याहून मोठा पाऊस अंडी व अळ्या वाहून नेतो. पण मुसळधार पावसावर विसंबू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत हाहाकार माजवला. असा पूर ओसरला की मागे डबकी राहतात, आणि तीच डासांची पाळणाघरे होतात.

हवामान आपल्या हाती नाही. घरातले पिंप आहे. आठवड्यातून एक दिवस, हवा तर शुक्रवार धरा, सर्व भांडी रिकामी करून आतून घासा, वाळवा आणि झाकून ठेवा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. मशिदीतला वजूचा हौद वरचेवर उपसता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. हा डास दिवसा चावतो, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ताप आल्यास मनाने ॲस्पिरिन देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. डेंग्यूत त्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चिकुनगुन्याने धरलेले सांधे कित्येकदा महिनोन्महिने सुटत नाहीत. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हे कसे परवडावे? त्यापेक्षा आठवड्याचा अर्धा तास स्वस्त आहे.