रुग्णालयातील जोखीम : एक विचार



आरोग्यसंस्थांमधील जोखीम व्यवस्थापन हा आजचा विषय ऐकावयास रूक्ष वाटेल. परंतु ‘जोखीम’ हा शब्द आपल्या आज्यांच्या बोलीतला आहे. प्रवासात अंगावर जोखीम बाळगू नये, असे त्या म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात दागिने असत. जपून न्यावयाची मोलाची वस्तू म्हणजे जोखीम. रुग्णालयात तर आपण आपले माणूसच हवाली करतो.

ज्या हॅम्बर्ग नगरीत आपण जमलो आहोत, तिने १८९२ साली या बाबतीत दारुण अनुभव घेतला. त्या वर्षीच्या कॉलऱ्यात येथे सुमारे ८,६०० माणसे दगावली. शेजारचे आल्टोना हे तेव्हा प्रशियाचे वेगळे शहर होते. हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे एल्ब नदीचे पाणी ते पीत होते, पण वाळूतून गाळून. हॅम्बर्ग मात्र वरच्या अंगाचे पाणी न गाळताच घरोघर पुरवीत होते. परिणामी दोन्ही शहरांच्या सीमेवरील रस्त्याच्या एका बाजूस मृत्यूचे थैमान होते, तर दुसरी बाजू बहुतांशी सुरक्षित राहिली. गाळणीची आवश्यकता नगरश्रेष्ठींना ठाऊक नव्हती असे नव्हे. खर्चाच्या वादात वर्षे गेली होती आणि साथ आली तेव्हा काम अपुरेच होते. व्यापार बसेल या भीतीने साथ जाहीर करण्यासही विलंब झाला. सर्वाधिक बळी गेले ते गरिबांच्या दाट वस्त्यांतून. गाळणी सुरू झाली ती १८९३ मध्ये, काल्टेहोफे येथे.

धोका आधीपासून ठाऊक असतो, पण त्याला धनी नसतो. ही गोष्ट केवळ जुन्या युरोपातील नाही.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष एका बाटलीपाशी थांबला नाही. पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, थेट मंत्र्यांचे दालन, अशी सारी साखळीच आयोगापुढे उघडी पडली. संस्थाव्यापी जोखीम व्यवस्थापन म्हणतात ते याचसाठी. औषधभांडार, वीज, प्राणवायू, हिशेब, मनुष्यबळ यांतील धोके निरनिराळ्या फायलींत न ठेवता एका नोंदवहीत आणावयाचे, प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावयाचे आणि ती वही विश्वस्तांनी नियमित वाचावयाची. वही ठेवणे सोपे, वाचणे कठीण, हा भाग वेगळा!

जर्मनीत रुग्णालयांच्या जोखीम व्यवस्थापनाचे आणि चूक नोंदविण्याच्या पद्धतीचे किमान निकष २०१४ मध्ये ठरले. थोडक्यात टळलेला अपघातही कर्मचाऱ्याने निनावी कळवावा, अशी सोय येथे असते आणि कळविणाऱ्याविरुद्ध ती नोंद सहसा वापरता येत नाही. आपल्यापैकी जे भगिनी-बांधव येथील रुग्णालयांत सेवा करतात, त्यांना याचे मोल सांगावयास नको. तारेतून येणारा जळका वास प्रथम येतो तो रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा फरशी पुसणाऱ्या मावशींना. त्यांनी बोलावे आणि मोठ्या डॉक्टरांनी ऐकावे, हे जेथे पायरी पाहून माणसाचा शब्द तोलला जातो तेथे आपोआप घडत नाही. श्रेणीबद्ध विषमतेचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षास आग लागली आणि दहा बालके गेली. त्या कक्षातील मुले सामान्य घरांची होती. आपले आप्तही अशाच सरकारी दवाखान्यांची पायरी चढतात.

गावाकडील दवाखान्यांना यंत्रे द्यावीत, अशी इच्छा आपल्यातील अनेक कुटुंबे बोलून दाखवितात. ती स्तुत्यच आहे. तथापि, यंत्राच्या किमतीबरोबर काही विचारपूसही पाठवावी. त्या यंत्राचा भार तेथील वीजजोडणी पेलते काय? वार्षिक देखभालीचा खर्च कोण देणार? रात्री दोन वाजता धूर दिसला, तर किल्ली कोणाजवळ असेल? मंडळाच्या देणगी-अर्जात हे प्रश्न छापावेत आणि उत्तर आल्यावाचून धनादेश काढू नये, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.