हौसेने वाचणारा वाचक

इंदूरमधील एका मराठी कुटुंबाचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. कित्येक पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने हे घराणे माळव्यात आले आणि तेथेच रुजले. घरात मराठी बोलली जाते, पण ती उंबरठ्याच्या आतच. मुलीचे शिक्षण इंग्रजीतून झाले. मैत्रिणींशी बोलणे हिंदीतून. वडिलांच्या कपाटात हरिभाऊ आपटे आहेत, खांडेकरांची ‘ययाति’ आहे. मोठ्या आशेने ती पुस्तके त्यांनी मुलीच्या हाती दिली. तिने चार पाने चाळली आणि पुस्तके जागच्या जागी ठेवून दिली. मराठी वाचन या घरात आपल्याबरोबरच संपणार, अशी वडिलांनी मनाची समजूत घालून घेतली.

पुढे 2024 साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट पुन्हा चित्रगृहांत आला. 2018 साली तो प्रथम प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला बेताचेच यश मिळाले होते. दुसऱ्या खेपेस मात्र प्रेक्षकांनी गर्दी केली आणि पहिल्यापेक्षा अधिक उत्पन्न झाले. कॉलेजात जाणारी ही मुलगीही तो पाहून आली, आणि जेवताना तिने विचारले, “बाबा, ही गोष्ट मुळात मराठीत होती म्हणे. हे नारायण धारप कोण?”

वडील ओशाळले. विद्यार्थिदशेत धारपांच्या भयकथा त्यांनी रात्र रात्र जागून वाचल्या होत्या. ‘समर्थ’ या धारपांच्या नायकाची त्यांच्यावर मोहिनी होती. परंतु घरातील कपाटात मात्र धारपांचे एकही पुस्तक त्यांनी ठेवले नव्हते. येणारा-जाणारा काय म्हणेल, ही भीती!

हे ओशाळणे एकट्या त्या गृहस्थांचे नव्हे. मराठी वाचकाच्या मनात आवडीच्या पुस्तकांचे एक कपाट असते आणि दाखविण्याच्या पुस्तकांचे दुसरे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड क्रमिक पुस्तकाच्या आड दडून किती वर्गांत जाऊन बसले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. वाङ्मयाच्या इतिहासाने अर्नाळकरांना कोपऱ्यात जागा दिली. वाचकांनी मात्र त्यांना घरात घेतले. सुहास शिरवळकरांचीही तीच कथा. पुण्यातील कॉलेजच्या कट्ट्यावर घडणारी त्यांची ‘दुनियादारी’ तरुणांनी एकमेकांच्या हाती देत वाचली, आणि 2013 साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटाला अफाट गर्दी लोटली. हे यश पाहावयास शिरवळकर उरले नव्हते. 2003 साली ते निवर्तले होते. धारपही ‘तुंबाड’च्या दहा वर्षे आधी, 2008 साली गेले. मधल्या काळात त्यांची पुस्तके जिवंत ठेवली ती हौसेने वाचणाऱ्या वाचकांनीच.

करमणुकीसाठी वाचणे हे हलके काम, असा एक समज आहे. परंतु मराठी कादंबरीच ज्या साप्ताहिकात वाढीस लागली, त्याचे नाव काय होते? ‘करमणूक’! 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी ते काढले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही विधवेची हृदयद्रावक कहाणी त्यातूनच क्रमाक्रमाने वाचकांपुढे ठेवली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा तो वाचक पंडित नव्हता. यमूचे पुढे काय होते, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे होते. चित्रपटाचे नातेही असेच जुने आहे. 1936 सालच्या ‘छाया’ या चित्रपटाची कथा खांडेकरांची होती. पडद्यासाठी लिहिणाऱ्या याच लेखकाच्या ‘ययाति’ला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. दाखविण्याच्या आणि आवडीच्या कपाटांमधील भिंत आपण समजतो तेवढी उंच नाही.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. लोकप्रिय ते सारेच सरस नसते. शिवाय सारेच स्वतंत्रही नसते. ‘तुंबाड’चे बीज ज्या कथेत आहे, ती धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘ग्रॅमा’वरून घेतलेली आहे. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरीही किंगच्याच ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली. हे त्या मुलीला कळले, तेव्हा ती थोडी हिरमुसली. वडिलांना वाटले, आता पुस्तक मिटणार. पण झाले उलटेच. तिने किंगची मूळ कथा मिळवून वाचली, दोन्ही कथा शेजारी ठेवल्या आणि धारपांनी काय घेतले, काय बदलले, हे ती वडिलांना समजावून सांगू लागली. समीक्षा म्हणजे तरी याहून निराळे काय असते? कोणी शिकविले नसताना, केवळ आवडीपोटी, ती त्या वाटेला लागली होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, हे समजताच शहरातील मराठी ग्रंथालयातून तिने ती दोन खंडांची कादंबरी आणविली. जगबुडी नदीच्या काठचे ते कोकण तिने कधी पाहिलेले नाही. पानापानावर शब्द अडतात. मग ती हाक मारते, “बाबा, याचा अर्थ सांगा ना!” आणि बाबाही पुष्कळदा अडतात, दोघे मिळून शब्दकोश उघडतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट विशेष मोलाची आहे. बेळगाव असो, बडोदे असो वा हैदराबाद, नव्या पिढीला मराठी वाचण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. तेथे भाषा टिकावयाची, तर ती आवडीनेच. ती आवड भुताच्या गोष्टीतून आली, हेरकथेतून आली किंवा चित्रपटगृहाच्या दारातून आली, तरी तिला दारातच अडवून कुळ-गोत्र विचारू नये. आत आलेली आवड आपली वाट आपण शोधते; दारातून परतवलेली मात्र सहसा पुन्हा येत नाही.

इंदूरच्या त्या घरात आता एक लहानसा बदल झाला आहे. दिवाणखान्यातील कपाटात ‘ययाति’च्या शेजारी धारपांची तीन पुस्तके उभी आहेत, अगदी दर्शनी. ती तेथे वडिलांनीच ठेवली आहेत.