प्रतिनिधींचे मत आणि मनोगत



अधिवेशनास जमलेल्या प्रतिनिधींची विचारसरणी मोजावी कशी, हा आजचा प्रश्न. त्यास आधार आपल्या बेळगावचाच घेतो.

डिसेंबर १९२४ मध्ये येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सिद्धता केली होती. प्रतिनिधींत दोन तट होते. फेरवादी कायदेमंडळात शिरून सरकारला अडवू पाहत होते; नाफेरवादी बहिष्कार व विधायक कार्य धरून होते. गांधीजी, चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांचा समझोता अधिवेशनाने स्वीकारला. कायदेमंडळाचे काम स्वराज्य पक्षाकडे गेले आणि सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट आली. आजारपण किंवा अनिच्छा असल्यास दुसऱ्याने कातलेले सूतही चालणार होते.

मंडपात कोणी केवळ कौल मोजला असता, तर त्यास समेट दिसला असता. सूत मोजले असते, तर श्रद्धावान आणि अनिच्छुक दोघांचेही माप सारखेच भरले असते. मतभेद मात्र तसाच होता. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यास चार आण्यांचा पर्याय परत आला, तो उगाच नव्हे.

१९५६ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीतही कम्युनिस्ट, समाजवादी व शेतकरी कामगार पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले. त्यांची कारणे एक नव्हती. सीमाभागात आपण माणसाला ‘कोणाकडचा?’ एवढेच विचारतो. मित्रहो, त्यापुढे ‘का?’ हेही विचारावे. मत पहिल्या प्रश्नाने कळते, विचार दुसऱ्याने.