वर्गवारी माणसाची, जमातीची नव्हे

उद्या दुसरबीडमध्ये घरफोडी झाली, तर संशयाचे बोट प्रथम कोणाकडे वळेल? ते पारध्यांच्या पालांकडे वळणार असेल, तर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्या मनात अद्याप जिवंत आहे, असेच म्हणावे लागेल. त्या कायद्याने माणसाची वर्गवारी जन्मावरून केली. तो १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र उरला.

मानसशास्त्राची वर्गवारी व्यक्तीची असते. सायकोपॅथी ही सरसकट एक अवस्था नव्हे, असे कार्पमन यांनी १९४१ मध्ये मांडले. एका प्रकारात दयाबुद्धी व अपराधभावना मुळातच क्षीण असते. दुसऱ्यात कठोर वर्तनामागे आघात आणि भावनिक संघर्ष असतो, आणि तेथे उपचारांची आशा अधिक. भ्रमिष्ट माणूस या दोहोंहून निराळा. मुंबईत १९६८ साली पकडलेल्या रामन राघवला स्किझोफ्रेनिया असल्याचे तज्ज्ञांनी ठरविले व त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. याउलट, पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खटल्यातील खून योजनापूर्वक केलेले होते. त्यातील चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली.

असे निदान प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करूनच होते. वस्ती पाहून नव्हे. शिवाय भुकेपोटी केलेली चोरी ही मनोविकृती नव्हे. तिचा इलाज जमीन, रोजगार आणि शाळा हाच आहे. म्हणून पालावरचा तरुण उचलला गेला, की कार्यकर्त्याने ठाण्यावर जाऊन एकच प्रश्न विचारावा: याच्याविरुद्ध पुरावा कोणता?